गॅरेजचे स्वयंचलित दार: चालते आहे, पण सुरक्षित आहे का?

गॅरेजचे स्वयंचलित दार हे बहुतेक घरांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत जड हलणारे यंत्र असते. दोन गाड्यांच्या गॅरेजचे दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असते. ते पत्र्याचे असले तरी वजन साठ किलोंपासून शंभर किलोंपर्यंत जाते, लाकडी असेल तर त्याहून जास्त. असे दार आपण दिवसातून चार-सहा वेळा बोटाच्या एका दाबाने वरखाली करतो, आणि त्याच दाराखालून मुले सायकल घेऊन ये-जा करतात.

अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे दार रोजचे आहे. तिथल्या कित्येक घरांत पुढच्या दारापेक्षा गॅरेजमधूनच जास्त वावर होतो. महाराष्ट्रात असे दार क्वचित दिसते, पण बंगल्याच्या सरकत्या गेटला किंवा पार्किंगच्या शटरला मोटर बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. यंत्र वेगळे असले तरी धोका एकाच जातीचा आहे.

दार बिघडले की ते उघडत नाही, म्हणून आपल्याला लगेच कळते. पण दाराची सुरक्षा-यंत्रणा बिघडली तर काहीच कळत नाही. दार पूर्वीसारखेच उघडत आणि मिटत राहते. म्हणून ‘दार नीट चालते आहे’ याचा अर्थ ‘दार सुरक्षित आहे’ असा होत नाही. ते सुरक्षित आहे की नाही, हे तपासूनच कळते.

दार नेमके उचलतो कोण?

छताला टांगलेली मोटर दार उचलते असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दाराचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंग पेलते. काही दारांत ही जाड, पिळलेली स्प्रिंग दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली असते, तर काहींत दोन्ही बाजूंच्या रुळांना समांतर लांब ताणलेल्या दोन स्प्रिंगा असतात. दार खाली आले की स्प्रिंग ताणली जाते, आणि तोच ताण दार वर नेताना कामी येतो. वजनाची अशी बरोबरी साधलेली असल्यामुळे मोटरला थोडीशीच ओढ द्यावी लागते.

सुरक्षिततेचा पाया हाच आहे. मोटरला थोडेच बळ लावावे लागत असेल, तर मध्ये काही अडकले की वाढलेला विरोध तिला चटकन जाणवतो आणि ती दार उलट फिरवते. पण स्प्रिंग सैल झाली किंवा रुळांत घाण साचली, की मोटरला रोजच जोर लावावा लागतो. मग दार मध्येच थांबू लागते. अशा वेळी मोटरवरचा जोराचा स्क्रू थोडा फिरवला की दार पुन्हा चालू लागते आणि घरातल्यांना हायसे वाटते. पण त्या फेऱ्याबरोबर अडथळा ओळखण्याची ताकद कमी झालेली असते. म्हणून जोर वाढवण्याआधी दार जड का झाले, ते शोधले पाहिजे.

कायदा का करावा लागला?

वर सरकणारे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत तयार केले आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. पुढच्या काळात ही सोय घरोघरी पोहोचली, आणि तिच्याबरोबर अपघातही. अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च १९८२ पासूनच्या मृत्यूंची नोंद ठेवली. पुढच्या वर्षांत २ ते १४ वयोगटातील सुमारे ६० मुले अशा दारांखाली अडकून दगावली. वर्षाला सरासरी चार. बऱ्याच मोटरी दार अडल्यावर उलट फिरण्यासाठीच बनवलेल्या होत्या, पण ऐन वेळी त्या फिरल्या नाहीत किंवा पुरेशा फिरल्या नाहीत.

१९९० मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि ‘यूएल ३२५’ या मानकातील अटी घरगुती दारांच्या मोटरींना बंधनकारक झाल्या. १ जानेवारी १९९३ पासून तयार झालेल्या प्रत्येक मोटरीला, दार टेकल्यावर उलट फिरण्याच्या सोयीखेरीज, दुसरे स्वतंत्र संरक्षण असणे सक्तीचे झाले. बहुतेक घरांत हे दुसरे संरक्षण म्हणजे दाराच्या दोन बाजूंना जमिनीलगत बसवलेली सेन्सरची जोडी. एका बाजूने न दिसणारा प्रकाशकिरण निघतो, दुसरी बाजू तो पकडते. मध्ये कोणी आले की किरण तुटतो आणि खाली येणारे दार परत वर जाते. ही जोडी जमिनीपासून ६ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा, उंच नसावी. जास्त उंच लावली तर रांगणारे बाळ किंवा आडवे पडलेले मूल तिच्या खालून निसटते.

दोन संरक्षणे का लागतात? किरण म्हणजे हवेतली एक रेघ आहे. त्या रेघेत जे आले तेवढेच तिला समजते. कोणी दाराखाली दोन पाय दोन बाजूंना ठेवून उभे असेल, किंवा गाडीचा मागचा भाग रेघेच्या वर असेल, तर सेन्सरला वाट मोकळीच दिसते. तिथे दुसरी व्यवस्था, म्हणजे टेकताच उलट फिरणे, कामी येते. एक चुकले तर दुसऱ्याने सांभाळावे, अशी ही रचना आहे. त्यामुळे दोन्ही चालू असायला हव्यात.

घरात १९९३ पूर्वीची, सेन्सर नसलेली मोटर असेल, तर दुरुस्तीत पैसे घालण्याऐवजी ती बदलणेच योग्य.

महिन्यातून एकदा करायच्या तीन चाचण्या

या चाचण्यांना दहा मिनिटे पुरतात. त्या मोठ्या माणसाने कराव्यात. मुले आणि पाळीव प्राणी घरात असावेत, आणि चाचणी करणाऱ्याने कोणत्याही क्षणी दाराच्या खाली उभे राहू नये.

पहिली, तोलाची चाचणी. दार पूर्ण बंद करा. मोटरीच्या रुळाला लटकणारी लाल मुठीची दोरी ओढा. त्यामुळे दार मोटरीपासून सुटते. आता दार हाताने उचला. ते फारसा जोर न लावता वर यायला हवे. कमरेएवढ्या उंचीवर नेऊन हात सैल करा, पण लगेच दूर नेऊ नका. दार तिथेच थांबले, तर तोल चांगला आहे. ते धाडकन खाली येऊ लागले किंवा आपोआप वर पळाले, तर स्प्रिंगची दुरुस्ती हवी आहे. दार उचलायलाच जड लागत असेल, तर हट्टाने उचलू नका. ही दोरी नेहमी दार बंद असतानाच ओढावी. दार वर असताना स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच दाराचे सगळे वजन खाली येते.

दुसरी, फळीची चाचणी. दार पुन्हा मोटरीला जोडा आणि पूर्ण उघडा. दाराच्या मधोमध जमिनीवर साधारण दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा. अमेरिकेत ‘टू बाय फोर’ नावाने मिळणारी फळी याच जाडीची असते. बटण दाबून दार बंद करा. फळीला टेकल्यावर दार दोन सेकंदांच्या आत उलट फिरून वर गेले पाहिजे. ते नुसते थांबले किंवा फळीवर दाब देत राहिले, तर चाचणी फसली. दीड इंच ही जाडी एवढ्यासाठी की जमिनीवर पडलेल्या मुलाचा हात किंवा पाय त्याच उंचीचा असू शकतो.

तिसरी, किरणाची चाचणी. दार खाली येत असताना बाजूला उभे राहून केरसुणीची लांब काठी सेन्सरच्या रेघेत धरा. दार लगेच वर गेले पाहिजे. गेले नाही, तर आधी दोन्ही सेन्सरच्या काचा मऊ कापडाने पुसा. कोळिष्टके, धूळ आणि वाळलेली पाने ही नेहमीची कारणे असतात. सायकल किंवा कचऱ्याचा डबा लागून सेन्सर थोडा वळलेला असू शकतो. बहुतेक सेन्सरवर लहान दिवा असतो. तो स्थिर असेल तर दोघांची नजर जुळली आहे, लुकलुकत असेल तर नाही.

यांतली एकही चाचणी फसली, तर मोटरीचा प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत दार मोटरीने चालवू नका. तोलाची चाचणी ठीक असेल, तर तोवर ते हाताने उघडता येईल. तोलच बिघडला असेल, तर दार बंदच राहू द्या.

सोयीसाठी केलेल्या धोकादायक युक्त्या

सेन्सर बिघडला की रिमोटने दार बंद होत नाही, पण भिंतीवरचे बटण दाबून धरले तर होते. ही सोय अडचणीच्या वेळेपुरती आहे. समोर उभे राहून, दाराकडे बघत, एखाद्या वेळी ते बंद करता यावे म्हणून ती दिली आहे. काही घरांत मात्र महिनोन्‌महिने बटण दाबून धरूनच दार बंद केले जाते. तिथे किरणाचे संरक्षण त्या काळात नसल्यातच जमा असते.

त्याहून वाईट युक्ती म्हणजे दोन्ही सेन्सर काढून छताजवळ एकमेकांसमोर चिकटवणे. किरण तिथे कधीच तुटत नाही, दार विनातक्रार बंद होते, आणि खाली कोण आहे ते त्याला कधीच कळत नाही. जुने घर विकत किंवा भाड्याने घेताना सेन्सर कुठे आहेत, ते वाकून पाहून घ्यावे.

फोनवरून दार बंद करण्याची सोय आता सर्रास मिळते. समोर माणूस नसताना दार हलणार असेल, तर ते हलण्याआधी किमान पाच सेकंद आवाज आणि दिवा यांनी इशारा झाला पाहिजे, असे अमेरिकी मानक सांगते. तो इशारा त्रासदायक वाटतो म्हणून त्याची वायर काढू नये. आणि गाडीतून रिमोट दाबल्यावर दार पूर्ण मिटेपर्यंत दोन क्षण तिथेच थांबावे.

स्प्रिंगला हात लावू नका

दार तेलपाणी करून ठेवणे घरच्या घरी जमते. बिजागऱ्या आणि चाकांवर गॅरेजच्या दारासाठी मिळणारे वंगण फवारावे, आणि सैल झालेले नट-बोल्ट आवळावेत. पण ताणलेली स्प्रिंग, तिच्या तारा आणि दाराच्या तळाशी दोन्ही टोकांना असलेल्या, त्या तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या यांना हात लावू नये. दाराचे सगळे वजन पेलणारा ताण तिथे साठलेला असतो. चुकीचा बोल्ट सैल झाला, तर तार किंवा स्प्रिंग हाताचे हाड मोडू शकेल इतक्या जोराने सुटते.

स्प्रिंगचे आयुष्य वर्षांत नव्हे, तर फेऱ्यांत मोजतात. साधारण स्प्रिंग दहा हजार फेऱ्यांसाठी बनवलेली असते, आणि एक फेरी म्हणजे एकदा उघडणे आणि बंद होणे. दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर ती सातेक वर्षांत संपते. ती तुटताना गॅरेजमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, आणि नंतर पिळलेल्या स्प्रिंगमध्ये दोन-तीन बोटांची फट दिसते. त्यानंतर मोटर चालवू नये. बाजूला ताणलेल्या स्प्रिंगा असतील, तर त्यांच्या आतून जाड तार ओवलेली आहे ना, ते पाहावे. स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडू नयेत म्हणून ती तार असते.

मुले, आजी-आजोबा आणि बोटे

भिंतीवरचे बटण जमिनीपासून किमान पाच फूट उंच असावे, म्हणजे लहान मुलाचा हात पोहोचत नाही, आणि ते अशा जागी असावे जिथून दार पूर्ण दिसते. रिमोट हे खेळणे नव्हे. तो अंगणातल्या गाडीत, मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

मुलांना नियम दोनच सांगावेत, पण ठामपणे: दार हलत असताना त्याच्या खालून जायचे नाही, आणि दाराला हात लावायचा नाही. मिटत्या दाराखालून कोण आधी पळतो, हा खेळ मुले स्वतःच शोधून काढतात. दार आडव्या पट्ट्यांचे बनलेले असते. बंद होताना दोन पट्ट्यांमधली फट मिटते, आणि तिथे धरलेली बोटे चेंगरतात. हाताने दार ओढायचे झाल्यास आतल्या बाजूची मूठच धरावी.

भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना हे दार नवे असते. नातवंडांना सांभाळत दुपारी घरी तेच असतात. त्यांना बटण कुठे आहे एवढेच दाखवून भागत नाही. लाल दोरी कशासाठी आहे, ती केव्हा ओढायची आणि केव्हा नाही, हे एकदा त्यांच्याच हातून करून घ्यावे.

वीज गेली तर?

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियात वणवे लागले तेव्हा वीज गेल्याने काही जणांना, विशेषतः वयस्क लोकांना, गॅरेजचे दार उघडता आले नाही आणि गाडी बाहेर काढता आली नाही. त्यात काहींचे प्राण गेले. त्यानंतर त्या राज्याने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटरींना बॅटरीची जोड सक्तीची केली. इतर ठिकाणी ही सक्ती नसली, तरी घरात वृद्ध माणसे असतील तर बॅटरी असलेली मोटर घेणे शहाणपणाचे. तोलाची चाचणी नीट होत असेल, तर विजेविनाही दार हाताने उघडता येते.

गॅरेजमधला आणखी एक धोका दाराशी जोडलेला आहे. बंद गॅरेजमध्ये गाडीचे इंजिन चालू राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो घरात शिरतो. थंडीत गाडी गरम करायची असेल, तर ती आधी बाहेर काढावी. दार उघडे ठेवणे पुरेसे नाही. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या इतक्या शांत असतात की इंजिन बंद करायचे राहून जाते. म्हणून घरात या वायूचा इशारा देणारे यंत्र असावे.

महाराष्ट्रातली सरकती गेट्स

आपल्याकडच्या बंगल्यांत मोटर असते ती गेटला. चाकांवरचे लोखंडी गेट जमिनीतल्या पट्टीवरून सरकते, आणि मोटरीचे दातेरी चाक गेटला जोडलेल्या दातेरी पट्टीला ढकलते. इथे धोक्याच्या जागा तीन आहेत: गेट बंद होताना त्याचे टोक आणि खांब यांच्यामधली जागा, गेट उघडताना त्याची जाळी आणि बाजूची भिंत यांच्यामधली फट, आणि गेटचे स्वतःचे वजन.

ब्रिटनमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली अशा स्वयंचलित गेटमध्ये चिरडून दगावल्या. त्यानंतर तिथल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने गेट बसवणाऱ्यांसाठी इशारे काढले. युरोपच्या मानकानुसार अरुंद जागेत गेटचा दाब ४०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाच्या, वर जाऊ नये आणि तोही क्षणभरापेक्षा जास्त टिकू नये.

आपल्या गेटला सेन्सरची एकच जोडी, तीही फक्त रस्त्याच्या बाजूला असेल, तर आतल्या बाजूला दुसरी लावून घ्यावी. जाळीत लहान मुलाचा हात शिरत असेल, तर भिंतीलगत सरकणाऱ्या भागाला पत्रा मारून घ्यावा. पट्टीच्या दोन्ही टोकांना पक्के अडथळे असावेत. ते नसले किंवा तुटले, तर गेट पट्टीवरून उतरून माणसाच्या अंगावर कोसळू शकते. पावसाळ्यात पट्टीत चिखल भरतो, गेट अडखळते, आणि मग मेकॅनिक मोटरीचा जोर वाढवून देतो. त्याला आधी पट्टी साफ करायला सांगावे. गेटवर उभे राहून झोके घेणे हा मुलांचा जुना खेळ आहे. मोटर लावल्यानंतर तो बंद झालाच पाहिजे.

मोटरीचे कुलूप सोडणारी किल्ली कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना आणि वॉचमनलाही ठाऊक हवे. कोणी अडकले, तर ती शोधायला वेळ नसतो.

नवी मोटर किंवा गेट बसवून घेताना कारागिराने तिन्ही गोष्टी तुमच्यासमोर करून दाखवाव्यात: अडथळ्याला टेकून उलट फिरणे, किरण तुटल्यावर थांबून मागे जाणे, आणि विजेविना हाताने उघडणे. त्यानंतरच उरलेले पैसे द्यावेत. पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हीच तपासणी घरी करावी आणि मोटरीजवळच्या भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहावी. शेवटची तारीख दोन-तीन महिन्यांपूर्वीची दिसली, तर तपासणी आजच करावी.